किंग ऑलिव्हरची १९२३ सालची तबकडी डिजिटल कशी करावी

५ आणि ६ एप्रिल १९२३ या दोन दिवसांत किंग ऑलिव्हरच्या क्रेओल जाझ बँडने इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेनेट कंपनीसाठी नऊ बाजू मुद्रित केल्या. कॉर्नेटवर (ट्रंपेटसारखं छोटं पितळी वाद्य) जो ऑलिव्हर, म्हणजेच 'किंग', आणि लुई आर्मस्ट्राँग, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, ट्रॉम्बोनवर ऑनोरे डुट्रे, पियानोवर लिल हार्डिन, बँजोवर बिल जॉन्सन आणि तालवाद्यांवर बेबी डॉड्स. आर्मस्ट्राँगचं हे पहिलंच मुद्रण. आज या नऊ बाजूंचं जे काही ऐकायला मिळतं ते वापरून झिजलेल्या तबकड्यांवरूनच उतरवलेलं आहे. त्यामुळे तबकडीवरून आवाज कसा उचलला, यावर बँड कसा ऐकू येतो ते ठरतं. चुकीची सुई, चुकीचा वेग किंवा खरखर काढायचा अतिउत्साह, यातलं काहीही एक झालं तरी सात माणसांचा बँड पत्र्याच्या डब्यात बंद केल्यासारखा वाटतो.

खाली 'डिपर माउथ ब्लूज' हे उदाहरण धरलं आहे. गेनेट ५१३२ क्रमांकाची तबकडी, दुसऱ्या बाजूला 'वेदर बर्ड रॅग'. पण हीच पद्धत १९२५च्या आधीच्या, म्हणजे मायक्रोफोन येण्यापूर्वीच्या, बहुतेक सगळ्या जाझ आणि ब्लूज तबकड्यांना लागू पडते.

आधी तबकडीत काय आहे ते समजून घ्या

स्टुडिओत मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून बाहेर आलेल्या भोंग्यासमोर सगळे वाजवायचे. भोंग्याच्या अरुंद टोकाला पडदा, पडद्याला जोडलेली सुई, आणि ती सुई फिरत्या मेणावर खाच कोरायची. विजेचा कुठेच संबंध नाही. कोणाचा आवाज किती यावा हे माणसं पुढेमागे उभी करूनच ठरवायचे. आर्मस्ट्राँगचा आवाज इतका दमदार होता की त्याला बाकीच्यांच्या बराच मागे उभं केलं होतं, असं त्या बैठकीतल्या लोकांनीच पुढे सांगितलं. मोठ्या ड्रमच्या ठोक्याने कोरणारी सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्सला मुख्यतः लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं.

याचे दोन परिणाम पुढच्या प्रत्येक पायरीवर लक्षात ठेवायचे. सुमारे १५० हर्ट्झच्या खाली तबकडीत संगीत जवळपास नाही, तिथे आहे ती फक्त घरघर. आणि ४-५ हजार हर्ट्झच्या वर फारच थोडं आहे. बँड जो काही आहे तो या अरुंद पट्ट्यात आहे, आणि कॉर्नेटची धार नेमकी तिथे आहे जिथे खरखरही दाट असते.

पाहणी आणि धुणं

तबकडी एका दिव्याखाली तिरकी धरा आणि हळूहळू फिरवा. खाच काळी, चकचकीत दिसली तर उत्तम. राखाडी पट्टे दिसले तर तिथे जड पोलादी सुयांनी भिंती खाल्ल्या आहेत. हे पट्टे बहुधा कॉर्नेट जोरात वाजतो तिथेच असतात. चकचकीत तबकडीवर ओरखडे असले तरी चालतात, कारण ओरखड्याचा आवाज नंतर काढता येतो. झिजलेली खाच कुठल्याही सॉफ्टवेअरने भरून येत नाही. दोन प्रतींतून निवड करायची वेळ आली तर ओरखडे असलेली पण काळीभोर प्रत घ्या.

या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या. त्यात लाख थोडी आणि दगडाची पूड, काजळी, कापसाचे तंतू असा भराव जास्त. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यामुळे एलपीसाठी (नंतरच्या काळातल्या प्लास्टिकच्या तबकड्यांसाठी) मिळणारं, अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रावण या तबकडीवर घालायचं नाही. एकदाच घातलं तरी पृष्ठभाग मऊ पडून खाच कायमची जाते. गरम पाणीही नको.

एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य, बिनवासाच्या साबणाचे दोन-तीन थेंब पुरेत. मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, गोल फिरवा, आडवा कधीच नाही. लगेच साध्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा, कारण साबण खाचेत वाळला तर नवीच खरखर तयार होते. मधलं लेबल कोरडं राहिलं पाहिजे. मग मऊ कापडाने टिपून तबकडी उभी ठेवून पूर्ण वाळू द्या. त्या काळातल्या कोलंबियाच्या तबकड्या मात्र थरांच्या असतात, आत कागद असतो. त्यांना चीर असेल तर पाणी आत शिरून कागद फुगतो. अशी तबकडी फक्त ओलसर कापडाने पुसावी.

सुई

एलपीच्या सुईचं टोक साधारण ०.७ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १८ मायक्रॉनचं असतं. ७८च्या, म्हणजे मिनिटाला साधारण ७८ फेरे घेणाऱ्या या जुन्या तबकड्यांच्या, खाचेत ते तळाशी बुडतं, तिथल्या कचऱ्यातून घसरत जातं आणि भिंतींना नीट टेकतच नाही. परिणाम: भरपूर खरखर आणि हलका, पोकळ आवाज. ७८साठी २ ते ४ मिलमधलं टोक लागतं. गेनेटच्या या काळातल्या तबकड्यांना ३ मिलने (७६ मायक्रॉन) सुरुवात करावी. वजन ४ ग्रॅमच्या आसपास. एलपीच्या सवयीने दीड-दोन ग्रॅम ठेवलं तर सुई जोराच्या जागी उडते आणि उडताना भिंतीला इजा करते. इथे कमी वजनच जास्त घातक.

शक्य असेल तर २.५, ३ आणि ३.५ अशी तीन टोकं जवळ ठेवा आणि तोच वीस सेकंदांचा तुकडा तिन्हींनी उतरवून बघा. निवडायला सर्वांत जोराची जागा घ्यायची. इथे ऑलिव्हरच्या सोलोनंतर सगळा बँड एकदम येतो ती जागा. जुन्या पोलादी सुईने भिंतीचा ठरावीक उंचीचा भाग झिजवलेला असतो. जरा बारीक टोक त्याच्या खाली बसतं, जरा जाड टोक त्याच्या वर. तिन्हींपैकी एकात कॉर्नेट अचानक फाटायचा थांबतो, तेव्हा झीज चुकवली असं समजा. अर्ध्या मिलने पडणारा फरक नंतरच्या सगळ्या सॉफ्टवेअरपेक्षा मोठा असतो.

चावीच्या ग्रामोफोनवर ही तबकडी वाजवू नका. तिथे सुईवर शंभर ग्रॅमहून जास्त भार असतो, आणि प्रत्येक वेळी थोडा आर्मस्ट्राँग पावडर होऊन निघतो.

प्रीअँपची फसवणूक

टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणारा, बाजारातला जवळपास प्रत्येक फोनो प्रीअँप आरआयएए वक्र, म्हणजे खर्ज आणि तार यांचं ठरावीक कमी-जास्त प्रमाण, लावतो. तो १९५४ पासून एलपीसाठी रूढ झाला: मुद्रित करताना खर्ज दाबायचा आणि तार वाढवायची, वाजवताना उलट करायचं. १९२३च्या भोंग्याने असं काही केलंच नव्हतं. तरीही तो वक्र लागला तर १०० हर्ट्झला सुमारे १३ डेसिबल चढतात आणि १० हजार हर्ट्झला जवळपास १४ उतरतात. म्हणजे घरघर फुगते आणि कॉर्नेटवर घोंगडी पडते. 'जुनी मुद्रणं अशीच मंद असतात' हा समज बऱ्याच अंशी यातूनच आला आहे.

सपाट आउटपुट देणारा प्रीअँप असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर नेहमीच्याच प्रीअँपमधून मुद्रण करा आणि मग तो वक्र उलटा लावा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर कर्व्ह ईक्यूत आरआयएएचा तयार वक्र आहे; तो निवडून उलटवला की झालं. हे काम सगळ्यांत आधी. विशेषतः टर्नटेबलला ७८चा वेग नसेल आणि तबकडी ४५वर उतरवली असेल, तर क्रम चुकवायचा नाही: प्रथम वक्र उलटवायचा, मग वेग ७३.३३ टक्क्यांनी वाढवायचा. उलट केलं तर वक्र चुकीच्या कंपनसंख्येवर बसतो आणि आवाज नाकात बोलल्यासारखा येतो.

मुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, दोन्ही चॅनेल. पातळी अशी ठेवा की संगीताचं शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. क्लिक संगीतापेक्षा मोठे असतात. ते वर कापले गेले तर पुढे सॉफ्टवेअरला ते क्लिक म्हणून ओळखताच येत नाहीत. ही कच्ची फाइल जपून ठेवा आणि पुढचं सगळं तिच्या प्रतीवर करा.

वेग आणि पट्टी

'७८' हा आकडा नंतर पक्का झाला. १९२३ साली मेणाची थाळी वजनावर चालणाऱ्या यंत्राने फिरायची आणि कंपनीगणिक, कधी बैठकीगणिक, वेग वेगळा असायचा. कोलंबियाच्या बऱ्याच तबकड्या ८० धरून केलेल्या आहेत. एका फेऱ्याचा फरक म्हणजे सुमारे २२ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), आणि साधारण साडेचार फेऱ्यांत पूर्ण अर्धा सूर इकडचा तिकडे. वेग चढला की नुसता सूर चढत नाही. लय घाईची होते आणि क्लॅरिनेट खेळण्यातला वाटू लागतो.

पहिलं काम, टर्नटेबल खरोखर किती फिरतं ते बघणं. स्ट्रोबोस्कोपच्या चकतीवर ५० हर्ट्झच्या विजेसाठी ७७ रेघा असतात आणि त्या स्थिर दिसल्या की वेग ७७.९२, ६० हर्ट्झसाठी ९२ रेघा आणि ७८.२६. एलईडी दिव्याखाली ही चाचणी बऱ्याचदा फसते, कारण काही दिवे लुकलुकतच नाहीत. निऑनचा छोटा दिवा वापरा.

मग पट्टी. कॉर्नेट आणि क्लॅरिनेट वाजवणाऱ्या या मंडळींच्या सोयीच्या पट्ट्या ठरलेल्या: काळी पाच, काळी दोन, काळी चार, पांढरी चार, पांढरी एक. सूर काळी तीन किंवा पांढरी सातवर येऊ लागला तर बँड तिथे वाजवत नव्हता, वेग चुकला आहे, असं धरून चाला. 'डिपर माउथ ब्लूज' पांढरी एकचा (इंग्रजी सी) आहे. हार्मोनियमवर नको, ४४०ला लावलेल्या कीबोर्डवर किंवा ट्यूनरवर पांढरी एक धरा आणि सुरुवातीचे चार बार (चार-चार मात्रांचे गट) संपून मुख्य आवर्तन सुरू होतं तिथे ताडून बघा. समजा सूर पांढरी एकपेक्षा ४० सेंट चढा निघाला, तर ७८ला १.०२३४ने भागायचं: ७६.२.

ताडायला पियानो सगळ्यांत भरवशाचा, कारण फुंकून वाजणारी वाद्यं सूर वाकवतात. पण पियानो या मुद्रणांत बहुतेक वेळ बँजोखाली झाकलेला असतो. त्याला अपवाद त्याच दोन दिवसांतला 'चाइम्स ब्लूज'. तिथे लिल हार्डिन एक पूर्ण आवर्तन घंटांसारखे स्वरगुच्छ वाजवते आणि प्रत्येक स्वर मोकळा मिळतो. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर झालेल्या बाजूंचा वेग सहसा जवळपास असतो, म्हणून 'चाइम्स ब्लूज'वरून आलेला आकडा शेजारच्या बाजूंना तपासणी म्हणून वापरता येतो. तपासणी म्हणूनच, प्रत्येक बाजू स्वतंत्र ताडून बघावी. सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे. शेवटी सूर दहा-बारा सेंट सरकलेला दिसला तर मेण कापताना वेग बदलत होता. तो सरळ रेषेत हळूहळू दुरुस्त करता येतो.

पट्टी नक्की कळली की लगेच थांबा. दोन-चार सेंटांसाठी झुंजण्यात अर्थ नाही. त्या स्टुडिओतला पियानो नेमका कुठे लावला होता ते कोण सांगणार.

भोक मधोमध नसेल तर

सूर एका सेकंदात साधारण सव्वा वेळा झोके घेतो असं वाटलं की टोनआर्मकडे बघा. तो डावी-उजवीकडे डुलत असेल तर भोक मध्याबाहेर आहे. १ मिलिमीटरची चूक तबकडीच्या आतल्या भागात, म्हणजे मध्यापासून ६ सेंटिमीटरवर, सूर वर-खाली सुमारे २९ सेंट हलवते. ब्लूजमधले वाकवलेले स्वर याने पार बिघडतात आणि ऐकणारा दोष वादकाला देतो.

भोक कानशीने मोठं करू नका. तबकडीखाली सारख्या जाडीचे रबरी चकत्यांचे तुकडे ठेवून तिला मधल्या खिळीच्या वर उचला. सुई न टेकवता हाताने फिरवा, शेवटच्या कोऱ्या खाचेची कड एका जागी स्थिर दिसेपर्यंत बोटाने सरकवत राहा. पाच मिनिटं जातात. टोनआर्मची उंची तेवढीच वाढवायला विसरू नका.

दोन भिंती, एक आवाज

सुई खाचेत आडवी हलते, म्हणून दोन्ही भिंतींवर संगीत तेच असतं. झीज आणि कचरा मात्र वेगवेगळा. स्टिरिओ कार्ट्रिजने उतरवल्याचा फायदा इथे मिळतो. दोन्ही चॅनेल नुसते मिळवले तरी सुईच्या वर-खाली हलण्याचा आवाज, जो निव्वळ कचरा असतो, बराचसा कटतो.

नीट जुळवायची युक्ती अशी: एक चॅनेल उलटा करून (म्हणजे लहरीचं अधिक-उणे बदलून, मागून पुढे वाजवून नव्हे) दुसऱ्यात मिळवा. आता संगीत नाहीसं व्हायला हवं आणि फक्त खरखर उरायला हवी. मागे बँड अजून पुसट ऐकू येत असेल तर एका चॅनेलची पातळी अर्ध्या-पाव डेसिबलने हलवत बँड जास्तीत जास्त बुडेल तिथे थांबा. मग उलटा केलेला चॅनेल पुन्हा सुलटा करा आणि बेरीज घ्या. एक भिंत फारच खराब असेल तर बेरीज न करता चांगली एकटीच वापरावी. काही वेळा पहिलं मिनिट डावीकडून आणि बाकीचं उजवीकडून घेणं हाच खरा इलाज असतो.

खरखर किती काढायची

थोडीच. क्रम: आधी क्लिक, मग खर्जाची घरघर, शेवटी खरखर.

क्लिक काढताना मोठा धोका बेबी डॉड्सचे लाकडी ठोकळे आणि बँजोची तार सुटण्याचा क्षण. दोन्ही सॉफ्टवेअरला क्लिकसारखेच दिसतात. म्हणून काढून टाकलेला भाग वेगळा ऐका: मूळ फाइल उलटी करून साफ केलेल्या फाइलमध्ये मिळवली की नेमकं काय गेलं ते कानावर येतं. त्यात अनियमित टकटक असावी. त्यात चार मात्रांचा ठेका ऐकू आला तर तुम्ही बँजो फेकून देत आहात. तीव्रता कमी करा. तबकडीला चीर असेल तर दर ०.७७ सेकंदाला एक मोठा ठोका येतो. तेवढे हाताने काढावेत, तीन मिनिटांच्या बाजूला दोनशे तीसच्या आसपास होतात. कंटाळवाणं काम, पण निकाल स्वच्छ.

घरघरीसाठी १०० हर्ट्झच्या खाली उतार. वरच्या बाजूला ४ हजारावर करवत चालवायची नाही. ७-८ हजारांपासून हळू उतार पुरतो. नॉइज रिडक्शन ६ डेसिबलपेक्षा जास्त कधीच नको, आणि नमुना सुरुवातीच्या कोऱ्या खाचेतून घ्या. जास्त दाबलं की दोन सुरांच्या मधली जागा पाण्याखालच्या बुडबुड्यांसारखी होते आणि ऑलिव्हरच्या प्लंजर म्यूटचा (कॉर्नेटच्या तोंडावर उघड-मीट करायच्या वाटीचा) तो 'वा-वा' सपाट होतो. हा म्यूट उघडताना बदलतात ते वरचे स्वनांशच. तेच खरखरीबरोबर निघून जातात. एकसारख्या खरखरीची कानाला मिनिटभरात सवय होते, बुडबुड्यांची होत नाही.

कानाची तपासणी

झालेली फाइल आवर्तनं मोजत ऐका. चार बारांची प्रस्तावना. बारा-बारा बारांची दोन आवर्तनं सगळ्या बँडची. दोन क्लॅरिनेटची, जिथे बँड तुटक ठोके देतो. एक पुन्हा सगळ्यांचं. मग ऑलिव्हरची तीन. शेवटी एक सगळ्यांचं आणि छोटी पुस्ती. क्लॅरिनेटच्या आवर्तनांत बँडच्या तुटक ठोक्यांमधली शांतता शांतताच राहिली पाहिजे, तिथे खरखर वर-खाली होत असेल तर नॉइज रिडक्शन जास्त झालं. सगळे वाजवतात तिथे दुसरा कॉर्नेट वेगळा काढता आला पाहिजे: ऑलिव्हर पुढे, आर्मस्ट्राँग जरा मागे, खालून साथ करणारा. ऑलिव्हरच्या तिसऱ्या आवर्तनाच्या शेवटी बिल जॉन्सन मोठ्याने ओरडतो. त्या ओरडण्यातले शब्द तुटक पण ओळखू येतील असे हवेत.

तुलनेसाठी हाच बँड २२ आणि २३ जून १९२३ रोजी ओकेह कंपनीसाठी शिकागोत पुन्हा 'डिपर माउथ ब्लूज' आणि 'स्नेक रॅग' वाजवून गेला आहे, त्या वेळी बँजोवर बड स्कॉट. ओकेहच्या तबकड्या उजळ आहेत, वाद्यं सुटी ऐकू येतात. गेनेटची बाजू तिच्यासारखी करायला जाऊ नका, ती होणार नाही. पण कुठलं वाद्य काय वाजवतंय ते ओकेहवर समजून घेतलं की गेनेटवर तेच शोधणं सोपं जातं. तबकडी हाताशी नसेल तर इंटरनेट आर्काइव्हवर ७८च्या बऱ्याच बाजू वेगवेगळ्या सुयांनी उतरवलेल्या मिळतात. सुईने पडणारा फरक तिथेही ऐकता येतो. १९२३ची मुद्रणं अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून सार्वजनिक मालकीची झाली आहेत, तेव्हा तिथे स्वतः उतरवलेली फाइल मोकळेपणाने वाटता येते.

फाइलच्या नावात तबकडीचा क्रमांक आणि शेवटच्या कोऱ्या खाचेजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक अक्षरासकट घाला. 'डिपर माउथ ब्लूज'साठी तो ११३८९ आहे आणि पुढचं अक्षर कितवा प्रयत्न ते सांगतं. सोबत सुईचं माप, वजन, कोणती भिंत वापरली, वेग किती धरला आणि तो कोणत्या पट्टीवरून, हे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून कच्च्या मुद्रणाशेजारीच ठेवा.